सतरावा रकाना

त्या प्रयोगशाळेत चौदा माणसं कामाला होती. त्यातल्या तेरांना वाटे की ही जागा आपल्यामुळे चालते. चौदावा म्हणजे खिडकीवरचा कारकून. त्याला तसं वाटत नसे, त्याला ते ठाऊकच होतं.

खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली. काचेला बसक्या उंचीवर एक भोक पाडलेलं होतं, त्यामुळे आत काही बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागे. वरच्या मजल्यावर यंत्रं होती, थंडगार खोल्या होत्या, पांढरे डगले होते. तिथे थेंबभर रक्तावरून कोण कुणाचं हे ठरे. पण वर नमुना जायचा तर आधी खाली वाकायचं. मुलाचा बाप कोण, असं विचारायला येणाऱ्याला आधी वाकायला लावावं, हे ज्या सुताराला सुचलं त्याला माणसांची चांगलीच पारख असली पाहिजे.

खिडकीवर एक अर्ज भरला जाई, बावीस रकान्यांचा. पहिल्या चारांत नाव, वय, पत्ता, नातं. पाचव्यापासून प्रश्न. अमुक आजार आहे का, तमुक औषध चालू आहे का, जुळं भावंड आहे का, अलीकडे रक्त चढवलंय का. सतराव्या रकान्यात होतं, ‘पूर्वी कधी दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, घेतली आहे का?’ हे सगळं वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहायचं, असा नियम होता. आधीचा कारकून नियमानं वागे. एका म्हातारीनं त्याला मधुमेहाच्या रकान्यात आपल्या दोन्ही सुनांची हकीकत सांगितली होती आणि त्या भल्या माणसानं ती लिहूनही घेतली होती. रांग फाटकाबाहेर जायची.

आपल्या कारकुनानं पहिल्याच वर्षी अभ्यास केला. जुने शंभर अर्ज चाळले. अठ्ठ्याण्णव जणांची सगळी उत्तरं ‘नाही’. उरलेले दोघे त्याच्या मते बढाईखोर. मग त्यानं स्वतःची पद्धत बसवली. चार गोष्टी विचारायच्या, पाचव्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं आणि तिथून बावीसपर्यंत एक उभी रेघ ओढायची. पट्टी न लावता, एका दमात. मग बोटाला टोचून कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चिठ्ठी लावायची, पुढचा. दीड मिनिटात माणूस मोकळा. झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्याचं नाव रेघेकाका ठेवलं आणि ते त्याला इतकं आवडलं, की फोन उचलल्यावर तोही ‘रेघेकाका बोलतोय’ म्हणू लागला.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येक पट्टीवर आकडा, तारीख, देणाऱ्याचा अंगठा. तो तीनदा ताडून बघे, आणि सव्वीस वर्षांत एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. संचालकांनी सन्मानपत्र छापून घेतलं होतं, ‘सव्वीस वर्षांच्या सेवेत एकही चूक नाही.’ रेघेकाकानं घरातली दिनदर्शिका हलवून भिंतीवर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. खिळाही मारून झाला होता.

सगळं बिनसलं ते आरसेवाल्यांपायी.

बाजारात त्यांचं आरशांचं आणि काचांचं दुकान होतं. म्हातारे आरसेवाले रोज चाळीस आरशांच्या मधोमध बसत आणि चाळीसही आरशांत त्यांना स्वतःचा कान दिसे. कान हा त्यांचा अभिमान. मोठा, वर टोक आलेला, खाली लोंबती पाळी. त्यांच्या वडिलांचा तसाच, दोन्ही मुलांचा तसाच. ‘खाण तशी माती,’ असं ते आरसा घ्यायला आलेल्या माणसाला ऐकवत, त्यानं विचारलेलं नसताना. पण थोरल्या मुलाला जी नऊ वर्षांची मुलगी होती, तिचे कान लहानसे, पाळी गालाला चिकटलेली, थेट आईच्या वळणाचे. हे म्हाताऱ्यांना नऊ वर्षं खुपत होतं. जेवताना, पाहुण्यांसमोर, मुलीच्या वाढदिवसालासुद्धा ते म्हणत, ‘आडात आहे तर पोहऱ्यात का नाही?’

मूल निम्मं आईकडून घेतं, निम्मं बापाकडून, आणि कुठलं निम्मं पुढे येईल हे कुणाला विचारून ठरत नाही, ही साधी गोष्ट त्यांना कोण सांगणार? आरशात बघणाऱ्याला दुसरं कुणी दिसत नाही.

शेवटी सुनेनंच विषय मिटवायचं ठरवलं. "बाबा, करून घेऊ तपासणी. एकदाचा तो कान संपू दे." तिला कसली भीती असायचं कारणच नव्हतं.

चौघं आली. थोरला, त्याची बायको, मुलगी आणि निकाल आपल्या कानानं ऐकता यावा म्हणून म्हातारे. रेघेकाकानं चार गोष्टी विचारल्या, ‘नाही’ लिहिलं आणि रेघ ओढली. सून वाकून अर्जाकडे बघत होती.

"बाकीचं विचारायचं नाही का?" तिनं विचारलं.

"ते आमचं आम्ही बघतो, बाई," रेघेकाका म्हणाला. "बोट पुढे करा."

बारा दिवसांनी निकाल गेला. वरच्या मजल्यावरच्या मॅडम तो तयार करत. त्यांची रीत अशी. रक्तात सोळा ठिकाणं बघायची. दर ठिकाणी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईनं दिलेला, एक बापानं. तेव्हा मुलीच्या दोन आकड्यांतला एक दर ठिकाणी बापाकडे सापडलाच पाहिजे. इथे दहा ठिकाणी सापडला, सहा ठिकाणी नाही. मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘नमुना देणारी व्यक्ती या मुलीचा पिता असू शकत नाही. मात्र दोघांत जवळचं रक्ताचं नातं असण्याची दाट शक्यता आहे.’

पहिल्या वाक्यानं आग लागली आणि दुसऱ्यानं तीत तेल ओतलं. जवळचं रक्ताचं नातं म्हणजे कोण? घरात धाकटा भाऊ होता, बिनलग्नाचा, दिवसभर मागच्या खोलीत काचा कापणारा. म्हाताऱ्यांनी बेरीज केली. थोरल्यानं कागद वाचला, घडी घातली आणि बापाच्या हातात दिला. बायकोला तो एक शब्द बोलला नाही. त्या घरात त्या दिवशी सगळे बोलले, एकमेकांना सगळं विचारून झालं, फक्त तिला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी ती मुलीला घेऊन बहिणीकडे गेली, धोब्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. धाकट्याचं अंथरूण गोदामात गेलं.

हे रेघेकाकाला कळलं ते धाकट्याकडूनच. पाचव्या दिवशी तो खिडकीशी येऊन वाकला. "माझंही रक्त तपासा. माझं सोडा, वहिनीवर आळ आलाय. ती आता घरी कुठल्या तोंडानं येणार?"

रेघेकाकाला वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच त्यानं रेघ ओढली. बोटाला टोचलं तेव्हा धाकटा हसला. "याला काय भ्यायचं? दादाच्या वेळी माझ्या कमरेच्या हाडातून काढलं होतं. आठ दिवस सरळ बसता येत नव्हतं."

"हं," रेघेकाका म्हणाला आणि चिठ्ठी तीनदा ताडून बघितली.

आठ दिवसांनी मॅडम स्वतः जिना उतरून खाली आल्या. हे वर्षातून एकदा घडे, तेही लिफ्ट बंद असली तर.

"काका, दोन्ही भावांचं रक्त एकच आहे."

"भाऊच आहेत ते."

"भावांचं थोडंफार जुळतं. हे सोळाच्या सोळा ठिकाणी, आकड्याला आकडा. एवढं एकसारखं फक्त जुळ्यांचं निघतं, तेही हुबेहूब असलेल्या. आणि हे तीन वर्षांनी लहान-मोठे. एकाचंच रक्त दोनदा वर आलंय."

म्हणजे चिठ्ठी चुकली. रेघेकाकाच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. दोन दिवस सगळी प्रयोगशाळा साप साप म्हणून भुई धोपटत होती. पट्ट्या काढल्या, तारखा बघितल्या, अंगठे ताडले. संचालकांनी तोडगा काढला. "नमुने वर नेणाऱ्या शिपायाच्या हातून घोटाळा झाला, असं लिहू. नवीन रक्त मागवू. त्याला काही सन्मानपत्र द्यायचं नाहीये."

शिपाई दारातच उभा होता. त्याला दोन मुलं होती आणि नोकरी चार वर्षांची.

पट्टीवरचे अंगठे मात्र वेगळे होते, तारखा वेगळ्या होत्या. चिठ्ठी चुकली नव्हती, हे रेघेकाकाला छातीवर हात ठेवून माहीत होतं. ते सिद्ध करायला म्हणून त्यानं दोघांचे अर्ज काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन सुरेख रेघा. थोरल्याची रेघ तर इतकी सरळ, की त्याला क्षणभर बरं वाटलं. मग त्याची नजर रेघेवरून खाली घसरत सतराव्या रकान्याशी आली. कमरेच्या हाडातून. दादाच्या वेळी.

तो सावकाश जिना चढून वर गेला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, समजा एखाद्याला भावाची मज्जा घातली असेल, तर?"

"मग सोपंय. रक्त तयार होतं हाडाच्या आतल्या मज्जेत. रोग्याची मज्जा आधी औषधांनी मारतात आणि तिथे भावाची रुजवतात. पुढे जन्मभर त्याच्या अंगात भावाचं रक्त. रक्त तपासलं तर भाऊच दिसणार. केसाचं मूळ तपासलं तर तो स्वतः." मग त्या म्हणाल्या, "पण तसं असतं तर अर्जात आलं असतं ना? सतराव्यात. तुम्ही विचारता ना?"

"हो," रेघेकाका म्हणाला.

हे खोटं बोलून तो घरी गेला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तसं त्याचं झालं, सगळं घर आपल्याकडेच बघतंय असं वाटू लागलं. भिंतीवरचा खिळासुद्धा. चहा त्यानंच केला, रोज संध्याकाळी तोच करी. बायकोपुढे कप ठेवत त्यानं तिला सगळी हकीकत सांगितली, दुसऱ्या एका कारकुनाची म्हणून.

"विचारलं का नाही त्यानं?" बायको म्हणाली.

"अगं, उत्तर ठरलेलंच असतं."

बायको हसली. "आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मी साखर सोडून अकरा वर्षं झाली. तुम्ही रोज दोन चमचे घालून कप पुढे करता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या वर्षी तीनदा सांगितलं. तुम्ही ढवळत होतात."

"मग रोजचा चहा?"

"कुंडीत. त्या रोपाला मुंग्या का लागतात म्हणून तुम्हीच औषध मारत असता."

रेघेकाकानं त्या कुंडीकडे बघितलं. त्या सुनेनं तर तोंडानं विचारलं होतं, बाकीचं विचारायचं नाही का. आणि आपण म्हणालो, आमचं आम्ही बघतो. काय बघितलं? बाई धोब्याच्या माडीवर जाऊन पडली, शिपायाच्या गळ्याला फास लागतोय, आणि आपण इथे खिळा बघत बसलोय. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

सकाळी संचालकांसमोर आणि मॅडमसमोर त्यानं सांगून टाकलं. शिपाई नाही, मी. चिठ्ठी नाही, रेघ. आणि ही एकच नाही, सव्वीस वर्षांतली प्रत्येक.

संचालकांना पहिली आठवण आली ती सन्मानपत्राची. "छापून झालंय हो ते!" दुसरी आठवण अर्जांची. सव्वीस वर्षांत चाळीस हजार तरी असतील. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "हे बाहेर जायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या बाईला कोण सांगणार?" मॅडमनी विचारलं.

"मी सांगतो," रेघेकाका म्हणाला. "आणि सन्मानपत्रातलं ते वाक्य काढा."

"छापलेलं काढता येत नाही," संचालक म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं छापलेलं खोटं नसतंच.

आरसेवाल्यांना सगळ्यांना बोलावलं. थोरला आला, धाकटा आला, म्हातारे आले. धोब्याच्या माडीवरून सून आणि मुलगी आली आणि भिंतीला टेकून वेगळी उभी राहिली. रेघेकाकानं नवा अर्ज घेतला. त्यानं खिडकीमागची खुर्ची सोडली, दार उघडून तो बाहेर आला आणि बाकावर थोरल्याच्या शेजारी बसला. मग पाचव्या रकान्यापासून वाचायला लागला. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, आज रेघेकाकांची तब्येत बरी दिसत नाही.

"प्रश्न सतरावा. पूर्वी कधी दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतली आहे का?"

थोरल्यानं बापाकडे बघितलं.

"नाही लिहा," म्हातारे म्हणाले. "आमच्या घराण्याच्या रक्तात आजार नाही."

आठ वर्षांपूर्वी थोरला सात महिने दिसत नव्हता. बाजारात म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, की तो परदेशात आरशांना पारा लावायचं नवं तंत्र शिकायला गेलाय. तो आला तेव्हा अंगावर एक केस नव्हता. लोकांना वाटलं, तंत्र अवघड असणार. नंतर केस उगवले, डोक्यावरचे तेवढे घराण्याच्या टकलानं नेले. त्या दिवसापासून घरात त्या आजाराचं नाव काढायची बंदी होती आणि थोरल्यानं ती इतकी पाळली, की बायको घराबाहेर पडली तरी त्याला आपल्या अंगात कुणाचं रक्त आहे हे आठवलं नाही.

"होय लिहा," सून भिंतीजवळून म्हणाली. "रक्ताचा कर्करोग. मज्जा भाऊजींची. मुलगी एक वर्षाची होती. सात महिने मी दवाखान्यात होते, मला माहीत आहे."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच रेघेकाकानं त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो, बाई."

"तेव्हाच सांगितलं असतं मी."

माझं चुकलं, एवढंच तो म्हणाला. ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मॅडमनी सगळ्यांना मज्जेचं गणित समजावून सांगितलं. धाकटा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. "म्हणजे पहिला रिपोर्ट दादाचा नव्हताच? तो माझा होता?"

"तुमच्याच रक्ताचा."

"आणि त्यात लिहिलंय की हा माणूस बाप नाही." तो बापाकडे वळला. "बाबा, ज्या कागदावरून मला गोदामात झोपवलं, त्याच कागदात मी सुटलो होतो की हो."

म्हाताऱ्यांना त्या वेळी कमी ऐकू आलं. एवढे मोठे कान असून.

थोरल्याच्या डोक्यावर उपटण्याजोगं काही नव्हतं, म्हणून मॅडमनी भुवईचे सहा केस मुळासकट घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भुवईमुळेच आलं असावं.

दहा दिवसांनी सगळे पुन्हा खिडकीशी जमले. दरम्यान निवृत्तीची वाट न बघता सन्मानपत्र देऊन झालं होतं, त्या वाक्यासकट. रेघेकाकानं ते घरी नेऊन कपाटात उभं करून ठेवलं आणि खिळ्यावर दिनदर्शिका परत लावली. निकाल त्यानंच वाचून दाखवला. सोळाही ठिकाणी मुलीच्या दोन आकड्यांतला एक थोरल्याचा निघाला होता.

"मी म्हणतच होतो," म्हातारे म्हणाले. "कान येईल पुढच्या पिढीत."

थोरल्यानं कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. तो बायकोजवळ गेला. "चल, घरी जाऊ."

"तुम्ही मला अजून विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"ही तुमची मुलगी आहे का, ते."

"आता काय विचारायचं? सोळाला सोळा आलेत." त्यानं खिशावर हात ठेवला. "कागद आहे ना."

"मग त्यालाच घेऊन जा घरी."

तिनं मुलीचा हात धरला आणि ती फाटकाबाहेर, धोब्याच्या दुकानाच्या दिशेनं निघाली. थोरला तिथेच उभा राहिला. मग सवयीनं खिडकीशी येऊन कमरेत वाकला, जणू यालाही एखादा अर्ज असेल.

"काका, आता काय करू?"

"जाऊन विचारा त्यांना."

"काय उत्तर देईल ती?"

"ते मला माहीत नाही," रेघेकाका म्हणाला. हे वाक्य त्या खिडकीतून यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

थोरला सरळ उभा राहिला आणि फाटकाकडे चालू लागला. रस्त्यावर येईपर्यंत त्याची पावलं भरभर पडू लागली होती. रांगेतला पुढचा माणूस वाकला आणि म्हणाला, सही कुठे करायची तेवढं सांगा, घाई आहे.

रेघेकाकानं पेन उघडलं. "बसा," तो म्हणाला. "बावीस प्रश्न आहेत."